गुणवंत म्हणे

“घोडे काढून टाक,” गुणवंतशेठ म्हणाला. “रथ राहू दे, सूर्य राहू दे. घोड्यांचं कोण ऐकतंय?”

वासुदेव टेबलापलीकडे उभा होता. समोरच्या खुर्चीत शेठची जिमची बॅग बसली होती, त्यामुळे माणसाला जागा नव्हती.

“शेठ, घोडे काढले तर कविता उरत नाही.”

“उरते रे! सूर्याचा पोरगा बापाचा रथ मागतो. काय डेअरिंग! पब्लिकला हेच पाहिजे. लिहिलीय कोणी म्हणालास?”

“माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.”

“म्हणजे बेवारस.” शेठच्या तोंडावर स्वस्तात प्लॉट मिळाल्याचा आनंद पसरला. “मग शेवटी टाक, गुणवंत म्हणे. कोजागिरीला मी वाचतो.”

“मी नाही लिहिणार. तुमच्या हाताने लिहा.”

शेठने लिहिलं. मराठी लिहून जमाना झालेला, ‘म्हणे’ लिहिताना जीभ बाहेर आली. वासुदेवने ती जीभ नीट पाहून घेतली. असल्या माणसाची चाकरी केल्याबद्दल त्याला शेठपेक्षा स्वतःचीच जास्त घृणा वाटली.

आखातातल्या अल ऐनच्या सनैयात, म्हणजे गॅरेज-गोदामांच्या वस्तीत, शेठचं बसगाड्यांचं आवार होतं. कोणती गाडी कुठल्या शाळेला, कुठल्या कामगार-छावणीला, हे वासुदेव ठरवी आणि संध्याकाळी चाव्या भिंतीवरच्या हुकांना टांगी. मंदी आली तशी शाळेतले गोरे मास्तर एकेक करून मायदेशी निघाले. त्यातल्या एकाने पुस्तकांची खोकी बसमध्येच टाकली. कोणी रद्दीवाल्याला बोलवा म्हणालं. वासुदेवने एक जाडजूड पुस्तक घरी नेलं.

चार शतकांपूर्वी इंग्लंडात लोक आवडलेली कविता घरच्या वहीत उतरवून घेत. या वहीतून त्या वहीत जाताना कवीचं नाव वाटेत गळून जाई. अशा निनावी कवितांचा तो संग्रह होता. सगळी ग्रीक-रोमन पुराणं. त्यात सूर्याच्या मुलाची गोष्ट होती. पोरगा हट्टाने रथ हाकायला बसतो, घोडे आवरत नाहीत, पृथ्वी भाजते, तिचं वाळवंट होतं, आणि देव वीज टाकून त्याला पाडतो. बाकीचे कवी इथे पोरासाठी रडतात. हा एकच घोड्यांमागे गेला होता. त्याच पानावर त्याच हस्ताक्षरात भाजलेल्या घोड्याला लावायच्या मलमाची कृती आहे, असं संपादकाने तळटीपेत नाक मुरडून सांगितलं होतं.

तळटीप वाचून वासुदेवला लिहिणारा माणूस ओळखीचा वाटला. संपादकही ओळखीचाच वाटला. असले नाक मुरडणारे त्याला रोज भेटत. शब्दकोश घेऊन तो कवितेशी झटला आणि शेवट अभंगात उतरला:

पोर खाली पडे। बाप वर रडे।
जग शोकी बुडे। दोघांपायी॥
घोडे भाजलेले। लगाम तुटले।
ठाणावर आले। आपेआप॥

शेवटी ‘अमुक म्हणे’ नव्हतंच. म्हणणारा ठाऊक नव्हता.

तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत वासुदेव वर्षानुवर्षं खुर्च्या लावत आला होता. माइकवर “हॅलो, हॅलो, वन टू” एवढंच त्याचं आजवरचं वाङ्मय. व्हिसा आता महिन्याभरात संपत होता आणि शेठ तो वाढवणार नव्हता. जाण्याआधी एकदा त्या माइकवर ही कविता वाचायची, एवढी एकच इच्छा. मंडळाचा अध्यक्ष वरद बँकेत मॅनेजर. “कवीचं नाव नाही? काका, निनावी म्हटलं की पब्लिक मसाला दुधाला उठतं,” म्हणाला आणि कागद परस्पर शेठकडे पोचवला. कार्यक्रमाचा खर्च शेठ करत होता. आयत्या बिळावर नागोबा.

इकडे कोजागिरी पौर्णिमेला नसते, शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, गुरुवारी असते. त्या गुरुवारी सकाळी कळलं, गुणवंतशेठ गेला. गाडी दुबई विमानतळावर, चावी आतच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. दुपारी बँकेची माणसं येऊन केबिनमधला एसी मोजून गेली. पगार राहिलेला वॉचमन आवाराच्या गेटची किल्ली वासुदेवच्या हातात देऊन चालता झाला.

संध्याकाळी वरदचा फोन आला.

“काका, एक स्लॉट रिकामा झालाय. या, तुम्हीच वाचा.”

“शेठचं नाव?”

“नाव काढू नका त्याचं! बॅनरवर होतं, पांढरा कागद चिकटवलाय. ऐका, तुमचीच म्हणून वाचा.”

“माझी नाही ती.”

“काय हट्ट आहे! बरं, निनावी तर निनावी. यल्ला, चला, आठला या.”

छायाने, म्हणजे बायकोने, सकाळीच इस्त्री करून दिलेला झब्बा आवारातल्या ऑफिसच्या कपाटाला लटकत होता. शेठ वाचणार असला तरी खुर्च्या लावायला नीट कपड्यांत जा, असं तिचं म्हणणं. वासुदेवने तो घातला, मिशी विंचरली.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. शाळेची गाडी. मागे दुसरी, मग छावण्यांच्या गाड्या. मालक पळाल्याचं दुपारीच सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. तरी जो तो आपल्या जागी गाडी लावत होता, काचा वर करत होता. वासुदेव चाव्या घेत गेला, हुकांना टांगत गेला.

एक हूक रिकामा राहिला. डोंगरापलीकडे फुजैऱ्याला गेलेली गाडी. अलीमियाँची.

गेट उघडं टाकता येत नव्हतं, आणि लावून गेलं तर अलीमियाँला गाडी रस्त्यावर ठेवावी लागणार. बँकेच्या पंचनाम्यात गाडी कमी भरली की तिच्यासाठी सही केलेल्या ड्रायव्हरला धरतात. विमानात बसलेल्याला कोण धरतो?

पुन्हा फोन. पलीकडे टाळ्या, पेल्यांचा खणखणाट.

“काका, नाव पुकारतोय तुमचं! कुठे आहात?”

“आवारात. एक गाडी यायचीय.”

“अहो, कंपनी खलास झाली! कोणाची गाडी घेऊन बसलात?”

“अलीमियाँची.”

“काका, हा शेवटचा चान्स आहे. मग इंडियात जाऊन कोणाला वाचून दाखवणार?”

मागे माइकवर कोणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

“माझ्या जागी ऑर्केस्ट्रा लावा,” तो म्हणाला. “आणि तो कागद बॅनरवर नीट चिकटवा. पातळ असला तर अक्षरं आरपार दिसतात.”

त्याने फोन ठेवला. बऱ्याच वेळाने दिवे दिसले. बस खुरडत आत आली आणि आपल्या खांबापाशी थांबली. दापोलीचा अलीमियाँ उतरला. मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

“डोंगरात गरम झाली, वासूभाई. रेडिएटर खोलला नि उसळलं पाणी. शेठ गेला तां ऐकलंय. चावी कोणाक देऊ?”

“हुकाला.”

अलीमियाँने डाव्या हाताने चावी टांगली. वासुदेवने प्रथमोपचाराच्या पेटीतून मलमाची ट्यूब काढली, त्याला खुर्चीत बसवला आणि फडकं सोडवलं.

“नवा झब्बा दिसतोय,” अलीमियाँ म्हणाला. “काय होतं आज?”

“काही नाही. हात सरळ धर.”