शिंगाच्या मुठीची सुरी

राउनाची सुरी हरवली ती तिच्याच दातांतून. कुंपणाच्या तारेत एका रेनडियर मादीचा पाय अडकला होता. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून, पठारावर कळप राखणारी सगळी माणसं करतात तसं, राउनाने सुरी दातांत धरली आणि तार पिरगाळायला घेतली. पाय सुटताच मादीने उसळी मारली. राउना पाठीवर पडली आणि उठून पाहते तर तोंड रिकामं. तिने कोपरापर्यंत हात घालून बर्फ उपसला. मग वारा सुटला आणि कुठे उपसलं होतं तेही दिसेनासं झालं.

दुःख तिचं एकटीचं असतं तर तिने गिळलं असतं. पण ती सुरी तिच्या नवऱ्याने, हेआइकाने केली होती. रेनडियरच्या शिंगाची मूठ आणि तिच्यावर कोरलेली बारीक पानांची वेल. सुरी पुरी झाली त्याच हिवाळ्यात हेआइकाला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात मात्र नावापुरता उरला. गुळगुळीत मूठ त्या बोटांतून मासळीसारखी निसटायची. त्याच्या हातची ती शेवटची वस्तू होती. ती हरवली हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, या एका प्रश्नाने राउनाचा उरलेला हिवाळा खाल्ला.

तिने सांगितलं नाही. दुकानातून प्लास्टिकच्या मुठीची सुरी आणली. ती जुन्या म्यानात बसेना, म्हणून म्यान रिकामं दिसू नये यासाठी त्यात बर्चच्या लाकडाचा तुकडा तासून खोचला आणि वरून अंगरखा ओढून घेतला. कळपावर तिच्या जोडीला दीर असायचा, इसात. त्याच्यापासून काय लपणार? लांडगा आला तर वहिनी त्याला लाकूड दाखवून पळवणार, असं तो चिडवायचा; घरी भावापुढे मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. हेआइकानेही सुरीचा विषय कधी काढला नाही. तो विचारत नाही याचं राउनाला आधी बरं वाटलं. पुढे पुढे तेच टोचू लागलं.

बर्फ वितळायला लागला, माद्या व्यायला आल्या, तेव्हा कळप त्या कुंपणापाशी परत आला. या दिवसांत माद्यांना हाडाशिंगांची भूक सुटते. पडलेलं शिंग दिसलं की त्या कुरतडत बसतात. चारपाच जणी एके ठिकाणी डोकी खुपसून एकमेकींना ढुशा देत होत्या. गळलेलं शिंग असेल म्हणून इसात पुढे निघून गेला. राउनाला पोलादाची कड चमकलेली दिसली.

पातं गंजलं होतं, पण शाबूत होतं. मूठ मात्र चहूबाजूंनी खाल्लेली. घामाने खारावलेलं शिंग माद्यांना गोड लागलं असणार. वेलीचं एक पान तेवढं शिल्लक होतं, बाकी सगळ्या दातांच्या खाचा. राउना तिथेच बर्फात बसली. हरवली होती तोवर सुरी निदान मनात तरी अख्खी होती.

इसात परत आला, सुरी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, “दादाला दाखवू नकोस, वहिनी. मी नवी मूठ बसवून देतो.”

“तुझं काम आणि त्याचं काम त्याला ओळखू येणार नाही होय? हात गेलाय त्याचा, डोळे नाही.”

घरी पोचल्यावर टोपीही न काढता तिने सुरी हेआइकापुढे टेबलावर ठेवली. तार, मादी, वारा, म्यानातलं लाकूड, मूठ कुरतडणाऱ्या माद्या, सगळं एका दमात सांगून टाकलं.

हेआइकाने डाव्या हाताने सुरी जवळ ओढली.

“म्हणजे हरवली होती?”

“हो.”

“मला वाटलं, तू उचलून ठेवलीस. माझ्या नजरेला पडून मला वाईट वाटू नये म्हणून. मला तुझी कीव नको होती, राउना.”

“कीव करायला वेळ कुठे आहे मला? अख्खा कळप माझ्या गळ्यात टाकून बसलायस तू.”

तो हसला; हल्ली हसायचा तसा, अर्ध्या तोंडाने. मग त्याने उजवा हात पुढे केला. बोटं मुठीवर चाचपडली, एकेक खाचेत जाऊन बसली आणि तिथेच राहिली. त्याने सुरी उचलली. ती निसटली नाही. त्याने ती पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली.

“मूठ घासून सारखी करायची का?” राउनाने हळूच विचारलं.

“हात लावू नकोस. मला जन्मभर सुचलं नाही ते त्या माद्यांना सुचलं.”

त्याने सहाण मागितली. राउनाने गंज काढला, पात्याला धार लावली. हेआइकाने डाव्या कोपराखाली वाळवलेलं मांस दाबून धरलं आणि कापायला घेतलं. घामाघूम झाला. राउनाचे हात दोनदा पुढे गेले, दोनदा तिने ते मागे घेतले. बुटाच्या तळव्याएवढा जाड तुकडा निघाला. पठारावरच्या रिवाजाप्रमाणे तो त्याने तिच्या कॉफीत टाकला.

सकाळी ती कळपावर निघाली ती प्लास्टिकची सुरी कमरेला लावून. हेआइका खिडकीपाशी बसून अजून कापतच होता.

“डब्यात घातलंय,” तो मान वर न करता म्हणाला. “जाड झालंय जरा. नीट चावून खा.”