चाकणच्या दारावरचे ‘अ‍ॅस्ट्रियन’

मी एक जुने इंग्रजी विशेषण आहे. ग्रीकांची न्यायदेवी अ‍ॅस्ट्रिया ही माझी आई. ज्याच्या नावाला मी लागते, तो न्यायी आणि निर्मळ ठरतो. तसे मी आजवर फारसे कुणाला लागलेले नाही. माणसांना विटून आई आकाशात निघून गेली आणि मी शब्दकोशात पडून राहिले.

मित्रांनो, तिथून मला हिंजवडीच्या एका सल्लागाराने उचलले आणि चाकणच्या एका कारखान्याला सुचवले. तक्रारींच्या खोलीवर मी पितळी अक्षरांत चढले: ‘अ‍ॅस्ट्रियन कक्ष’. पेढे वाटले गेले. साहेबांना वाटले, परदेशी पाहुण्यांना अर्थ कळेल. पाहुण्यांना वाटले, शब्द मराठी असावा.

या कारखान्यात पत्रा दाबणारे प्रेस आहेत. दोन हातांनी दोन बटणे दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत सापडत नाही. पण तसे काम सावकाश होते. म्हणून सुपरवायझर प्रितम एक बटण दोरीने बांधून ठेवायला सांगे. परभणीकडून आलेला, भोसरीत खोली घेऊन राहणारा कंत्राटी कामगार ज्योतीराम ते बांधी.

खंडेनवमीला मात्र त्याने दोरी सोडली. पूजा करायची आणि यंत्र बांधलेले, हे त्याला बरे वाटेना. प्रेसला झेंडूचा हार घालून सगळ्यांनी फोटो काढला. दसरा झाल्यावर दोरी पुन्हा चढली, आणि ज्योतीरामची दोन बोटे गेली.

चौकशी माझ्याच दाराआड झाली. ज्योतीरामची नोकरी राहते की जाते, एवढाच प्रश्न होता. एचआरच्या वर्षाली मॅडमनी पूजेचा फोटो पुढे ठेवला.

“बघा, दोन्ही बटणं मोकळी आहेत. इथे सगळं नियमाने चालतं. बांधलंत ते तुम्ही, नंतर.”

“देवाचं काम म्हणून सोडलं हो मॅडम,” ज्योतीराम म्हणाला. “एरवी बांधलेलंच असतंय. प्रितमभाऊ, तुमीच सांगा की.”

प्रितमने फोटो मॅडमकडे परत सरकवला. मग म्हणाला, “राव, मी कशाला सांगेन असलं?”

नोकरी गेली. अहवालात ‘निर्णय’ या शब्दाआधी मला लिहिले गेले: ‘अ‍ॅस्ट्रियन निर्णय’. अखेर मी कशाला तरी लागले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मला रोज पॉलिश होते. घ्यायचीच असेल तर या दारातून आत जाणाऱ्याची घ्या.

ज्योतीरामच्या जागी दुसऱ्या सकाळी नवा माणूस उभा राहिला. त्या दिवशीचे टार्गेट पूर्ण झाले.