ल्यूची करंगळी

मित्रांनो, मी दाढी करायचा एक जुना आरसा आहे. पण माझ्यासमोर आजवर कुणी दाढी केलेली नाही. ब्रॉन्क्समधल्या ल्यू झेलनिकने मला विकत आणलं आणि थेट चित्रफळ्याशेजारी टांगलं.

ल्यू उल्कावीराच्या चित्रकथा काढत असे. उजव्या हातात ब्रश, म्हणून मूठ डाव्या हाताची वळायची आणि माझ्यात पाहून वीराचा उजवा ठोसा काढायचा. दात विचकणं, किंचाळणं, सारं माझ्यासमोर चाले. शेजारीण घाबरून विचारायची, "टिली, नवरा ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे गं, जगाला वाचवतोय!" टिली आतून ओरडायची.

संपादक मात्र वैतागायचा. "ल्यू, तुझा वीर ठोसा मारतोय की चहा पितोय? करंगळी मिटव त्याची!"

ल्यू मान डोलवायचा. पण त्याचीच करंगळी लहानपणी मोडलेली, ती मिटतच नसे. मी दाखवीन तेच तो काढी. मासिकाचे अंक लाखांनी खपले, पण एकाही पानावर त्याचं नाव छापलं गेलं नाही. पुढे मासिक बंद पडलं आणि मी वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून धूळ खात बसलो.

ल्यू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना ग्रंथालयाने त्या पानांचं प्रदर्शन मांडलं. खाली पाटी होती, 'चित्रकार अज्ञात'. टिलीला रडूच कोसळलं. दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथपाल मिस प्रुइटना घरी बोलावलं. त्या काही पानं घेऊन आल्या.

"पुरावा कुठून आणणार? राहू दे ना आता," ल्यू पुटपुटला.

"गप्प बस आणि मूठ वळ!" टिलीने मला पुसून त्याच्यासमोर धरलं.

मिस प्रुइटनी पान पाहिलं, मग माझ्यात पाहिलं. दोन्हीकडे करंगळी तशीच वर. त्यांनी आणखी तीन पानं पाहिली आणि त्या हसल्या. "झेलनिकसाहेब, लहानपणी मी हा ठोसा मारायचे. करंगळी वर ठेवूनच!"

पाटी बदलली. ल्यू स्वतःचं नाव कितीतरी वेळ वाचत उभा होता, असं टिली सांगते. पुढे दोनच महिन्यांनी तो गेला.

आता मी ग्रंथालयात असतो. मुलं माझ्यासमोर मुठी वळतात. एका साध्या आरशाला ल्यूने केवढं आयुष्य दिलं! मित्रांनो, एखादं चित्र आवडलं तर ते कुणी काढलं, एवढं विचारा. आणि तो माणूस आहे तोवर विचारा.