मागे वळलेला मासा

मादबा गावच्या चर्चमध्ये अख्ख्या पवित्र देशाचा नकाशा रंगीत खड्यांनी जमिनीवर मांडलेला होता. पण लोक आत आले की ना यरुशलेम बघायचे, ना यार्देन नदी. थेट सिंहाकडे. हरणामागे धावणारा पिवळा सिंह थैमोसच्या आजोबांनी बसवला होता, म्हणून सगळं घर 'सिंहवाले'. त्या घरच्याने न्हाणीची फरशी बसवली तरी गाव माना डोलवायचं.

ओबोदच्या आजोबांनी त्याच जमिनीत मासा बसवला होता. यार्देनमधून वाहत आलेला आणि क्षारसमुद्राचं कडू पाणी तोंडाला लागताच मागे वळलेला. असा मासा सुचायला डोकं लागतं. पण लोक त्याच्यावर पाय देऊन सिंहाकडे जात. ओबोद हे लहानपणापासून बघत होता आणि जळत होता.

मग बिशपांचा हुकूम आला : जिवंत प्राण्यांची चित्रं उखडून टाका.

पाद्रीबाबांनी दोघा कारागिरांना बोलावलं. "खडा एकही बाहेर जाता कामा नये. दात्यांचं पुण्य आहे त्यात. उचकटा, कालवा आणि त्याच जागी परत बसवा."

"पण बाबा, मासा राहू दे," ओबोद म्हणाला. "प्रभूने स्वतःच्या हाताने मासे वाटले. त्याला कसं उचकटायचं?"

पाद्रीबाबा हसले. "बरं, राहू दे तुझा मासा."

"आणि सिंह?" थैमोसने हळूच विचारलं.

"सिंह जाणार!" पाद्रीबाबांच्या आधी ओबोदच बोलला.

थैमोसचा हात छिन्नीला धजेना. "तूच काढ, ओबोदा. पण जपून."

ओबोदने पहिल्यांदा डोळा उचकटला. मग जबडा, मग आयाळ. काय सुख होतं त्यात! सगळे खडे डाळ-तांदळासारखे कालवून त्याने ओल्या चुन्यात दाबले. मात्र भोवतीच्या पांढऱ्या खड्यांना त्याने धक्का लावला नाही. दुसऱ्याचं काम काढताना कड सांभाळायची, हे आजोबांनीच शिकवलेलं. हात सवयीने चालला आणि तिथेच घात झाला. आतला सिंह मेला, बाहेरची रेघ जशीच्या तशी राहिली.

रविवारी त्या सिंहाच्या आकाराच्या खिचडीभोवती गाव गोळा झालं. बायका हात फिरवत होत्या. "इथे डोळा होता गं. कसा बघायचा!" लोक थैमोसच्या गळ्यात पडत होते, घरचं माणूस गेल्यासारखे.

"ए बाबा, सरक की जरा," कुणीतरी ओबोदला ढकललं. "सिंहाची जागा बघू दे."

ओबोद माशावर उभा होता.

घरी बायकोने, मतरोनाने, पुढ्यात भाकरी आपटली. "अहो, तुम्हीच त्या मेल्या सिंहाला संत करून ठेवलंत! आता पोरंबाळंही तेच नाव घेणार."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा दफनाला गेलेले पाहून ओबोद चर्चमध्ये शिरला. त्याने आजोबांचा मासा उचकटला. नीट कड सांभाळून. कालवला, बसवला. रडू द्या आता गावाला.

रविवार आला. लोक आले, माशावर पाय देऊन सिंहाकडे गेले. झाडणारी म्हातारी तेवढी थांबली. "ओबोदा, नदीत चुना कोणी सांडला रे? पूस की."

मग थैमोस आला. चालता चालता थबकला, मटकन खाली बसला आणि त्या खड्यांवर हात ठेवून राहिला.

"ओबोदा, अरे हा तर राहिला होता ना?" त्याला रडू फुटलं. "अख्ख्या जमिनीत हाच एक शहाणा होता रे. माझे आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, सिंह कोणीही बसवेल."

थैमोसला रडताना पाहून सिंहाभोवतीचे लोक इकडे धावले.

"काय झालं? कोण रडतंय?"

"आपला सिंहवाला."

ओबोद भिंतीशी उभा होता. आजोबांच्या माशासाठी अखेर गाव गोळा झालं, तेही सिंहवाल्याच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे. त्याला स्वतःला रडू आलं होतं. त्याने ते गिळलं. थैमोसच्या मागून रडायला तो काही त्याचा चाकर नव्हता.