सुनेला कसं विचारायचं

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंटला लघवी गडद कधीपासून होतेय, तेव्हा किशनरावांनी मान खाली घातली. खाटेवर त्यांची सून तनुजा पडली होती. डोळे पिवळेजर्द, ओठ सुकलेले, मधेच जागी व्हायची, मधेच कुठंतरी हरवून जायची. बाईंनी पुन्हा विचारलं. किशनराव पुटपुटले, आमची मंडळी, हिची सासू, खाली गेलीय रक्त तपासायला द्यायला, ती आली की सांगंल.

आता या माणसाला काही विचारायची लाज वाटावी, हे नवलच म्हणायचं. सगळी नोकरी मुखेड डेपोत कंडक्टरची. बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत त्यांचा आवाज जायचा, कुठं जायचं, बोला लवकर. बाया, बाप्ये, म्हाताऱ्या, कुणालाही विचारायचे. पण घरात सून आली आणि त्यांचा आवाजच बसला. तनुजाला काही लागलं तर ती सासूला, कस्तुराबाईला, सांगायची. किशनरावांना काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडं बघून बोलायचे. सासरा-सुनेनं एकमेकांचा असा मान राखला म्हणून गल्लीत त्यांचं कौतुकच होतं.

पावसाळ्यात तनुजाचा खोकला हटेना. थुंकी तपासली तर टीबी निघाला. नवरा दयानंद चाकणला कंपनीत. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं विचारलं, रोज डोळ्यांसमोर गोळ्या कोण देणार? कस्तुराबाईला अक्षरओळख नाही, म्हणून किशनराव पुढं झाले. सिस्टरनं बजावलं, एक दिवस चुकवायचा नाही, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि तेवढंच ठासून हेही सांगितलं, की जेवण नको झालं, उलट्या लागल्या, लघवी चहासारखी व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी घेऊन या. या गोळ्या कुणाकुणाच्या लिव्हरला बाधतात. वेळेवर कळलं तर डॉक्टर थांबवून, बदलून देतात. रोज तिला विचारत जा, काका.

किशनराव मान डोलावून हाव म्हणाले. पहिली गोष्ट त्यांनी मनात पक्की बसवली, दुसरी आरोग्य केंद्राच्या पायरीवरच सोडून आले. सुनेला हे असलं कसं विचारायचं? बायकोकरवी विचारता आलं असतं, पण तिच्यापुढंही जीभ रेटेना. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता ते राहूनच गेलं.

रोज सकाळी तनुजा डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यापाशी यायची आणि हात पुढं करायची. किशनराव दुसरीकडं बघत तळहातावर गोळ्या ठेवायचे. घोटाचा आवाज आला की गिळल्या असं समजायचे. नवरात्रात तिनं नऊ दिवसांचा उपवास धरला, गोळ्या चालूच. अंग मोडून येतं म्हणाली, तर कस्तुराबाईनं किराणा दुकानातून ताप-अंगदुखीच्या गोळ्या आणून दिल्या, त्याही वरून चालू. मग उलट्या लागल्या. सुनेला दिवस गेले असं वाटून कस्तुराबाईला आनंद मावेना. तिनं कोवळ्या चिंचेचे बुटुक आणून ठेवले, शेजारच्या चांगुणाच्या कानावरही घातलं.

एके सकाळी गोळ्या गिळल्या गिळल्या तनुजा मोरीकडं धावली. डोस वाया गेला म्हणून किशनराव कासावीस झाले. कुणाला विचारणं नाही, सवरणं नाही, पाकिटातून दुसऱ्यांदा गोळ्या काढल्या आणि भिंतीकडं बघत हात पुढं केला. तिनं मुकाट घेतल्या. असं पुढंही होत गेलं. डेपोतली पहिली गाडी आपण कधी चुकवली नाही, तसा सुनेचा डोसही चुकू दिला नाही, याचा त्यांना आतून अभिमान होता. जळो तो अभिमान.

दसऱ्याला सोनं देऊन ती पाया पडली, तेव्हाही त्यांनी आशीर्वाद दिला तो तुळशीकडं बघून. डोळे पिवळे झाल्याचं कस्तुराबाईला दिसलं ते नंतर, पोरगी चुलीपुढं भोवळ येऊन पडल्यावर.

इथं दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या. लिव्हरला फार मार बसलाय म्हणाल्या. हैदराबादला न्यावं लागेल, गाडी सांगितलीय. तोवर हे कधीपासूनचं आहे ते कळायला हवं, आणि ती भानावर आहे का तेही.

"मावशींची वाट बघू नका, काका. आत्ता विचारा तिला."

सिस्टरनं सांगितलेला शब्द न् शब्द किशनरावांना आता आठवत होता, आणि आठवून उपयोग नव्हता. ते खाटेवर वाकले. लग्न होऊन ती घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं.

"तनुजा."

तिनं डोळे उघडले. एका हातानं ती पदर शोधायला लागली. दुसरा हात आपोआप पुढं आला, तळवा वर करून.

"गोळी न्हाई आता, बाई. बंद केली." त्यांनी तिच्या पिवळ्या डोळ्यांत बघितलं. "लघवीला गडद कवापासून होऊन राहिलंय?"

शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. बघू दे.

"घट बसले तवापासून," तनुजा म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "लई सांगावं वाटायचं, मामा. तुम्ही वर बघतच नव्हता."

बाईंनी ते लिहून घेतलं. गाडी येईपर्यंत तिला बोलतं ठेवा, उत्तर यायचं थांबलं तर लगेच हाक मारा, असं सांगून त्या पलीकडच्या पेशंटकडं गेल्या.

किशनराव विचारत राहिले. पोटात दुखतं का? हाव. अंगाला खाज सुटते का? हाव. पाणी पाहिजे? न्हाई. दयानंद निघालाय, येईलच आता, ऐकून राहिली न्हवं? हाव. तिला काय खायला आवडतं, हे त्यांना माहीत नव्हतं, तेही विचारलं. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, धपाटे. त्यापुढचं उत्तर त्याहून उशिरा आलं, आणि काय ते कळलं नाही.

कस्तुराबाई रक्त तपासणीला देऊन आली आणि दारातच थबकली. नवरा सुनेच्या तोंडाशी वाकून बोलत होता.

"घरी जायचं न्हवं, बाई?" किशनरावांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि पुन्हा विचारलं, आता गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्या जुन्या आवाजात.

"तनुजा, कुठं जायचं? बोल लवकर."