तयार म्हणजे तयार

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला मान्य आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, नवऱ्याच्या 'आलोच'वर तर मुळीच नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी फ्रेममध्ये काचा बसवते, एकोणीस वर्षं झाली. मालक आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दोघंही मला फौजदार म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी दारावर पाटी लावली: 'तुम्ही एक चष्मा घ्या, एक चष्मा परदेशातल्या गरीब वस्तीत जाईल.' ज्या माणसानं माझी मोडकी खुर्ची बदलायला तीन वर्षं लावली, त्याला एकदम समुद्रापलीकडच्या लोकांचा कळवळा कुठून आला? माझ्या मनात पाल चुकचुकली. पण माझ्याच शब्दावर माझी जाऊ, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारीण तिथं चष्मा करून गेल्या. पाटी खोटी निघाली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

परवा तिकडून फोटो आला. मालकांनी तो मोठा करून काउंटरमागे लावला. कसल्याशा शिवणवर्गात अकरा बायका बसलेल्या, डोळ्यांवर आमच्याच फ्रेमा. वहिनी म्हणाल्या, "किती गोड हसतायत बघा!"

मी हसू पाहिलं नाही, काचा पाहिल्या. काचेला नंबर असला की तिच्यातून दिसणारी गालाची कड जराशी सरकते. इथं अकराच्या अकरा गाल सरळ होते. पुढची बाई तर सुई हात लांब करून, मान मागे टाकून ओवत होती. जवळचा चष्मा लावलेलं माणूस अशी सुई ओवत नाही.

नवीन फ्रेममध्ये नुसती दाखवायला एक प्लास्टिकची डमी काच असते. त्या बायकांच्या डोळ्यांवर डमी होत्या. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे! माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली तर गेली, म्हणून मी बाहेर येऊन उभी राहिले.

"मालक, काचेचे पैसे वाचवलेत ना? त्या बायकांच्या डोळ्यांत धूळ फेकलीत."

मालक माझ्याकडे पाहतच राहिले. आव आणतायत, असं मला वाटलं.

"फौजदार, काय बोलताय? काचा तर तुम्ही बसवता."

"मी? मी फ्रेम पुसते, स्क्रू आवळते आणि पुढे देते. काचा तिकडे बसवतात."

"असं कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

मालक वहिनींकडे वळले. "त्यांची नंबरांची यादी येते, ती मी तुला देतो. तिचं काय करतेस?"

"पार्सलात घालते," वहिनी म्हणाल्या. "कुणाचा कुठला चष्मा ते तिकडे कळायला नको? आणि माझ्याकडे कशाला बघताय? प्रत्येक फ्रेमवर फौजदारांचीच चिठ्ठी असते, 'तयार'. तयार म्हणजे तयार. मी बांधते."

मागच्या खोलीत 'तयार' म्हणजे काच बसवायला तयार. गिऱ्हाइकाची फ्रेम वहिनी नंबराच्या कागदासकट परत माझ्याकडे आणतात, मग मी काच घालते. दानाच्या फ्रेमा कधी परत आल्याच नाहीत, आणि त्या का येत नाहीत, हे मी एकदाही विचारलं नाही. जगावर संशय घेणारी मी, स्वतःच्या चिठ्ठीवर कधी घेतला नाही. अशी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

"पण दोन वर्षांत एकही तक्रार नाही?" मी विचारलं.

मालकांनी खण उघडला. फोटोसोबत पत्र आलं होतं, तिकडच्या संस्थेनं मराठीत करून पाठवलेलं. मालकांनी वरच्या दोन ओळी वाचून ते ठेवून दिलं होतं. मी पूर्ण वाचलं. लिहिणारी तीच होती, पुढची, सुई धरलेली; तसं तिनं सुरुवातीलाच लिहिलं होतं.

'चष्मा फार सुंदर आहे. मी तो रोज पुसून ठेवते. अजून नीट दिसत नाही, पण चष्म्याचा दोष नाही, माझेच डोळे कामातून गेलेत. एवढ्या लांबून पाठवलेला चष्मा खराब कसा असेल? वर्ग या महिन्यात सोडते आहे. माझी जागा चांगल्या डोळ्यांच्या बाईला मिळावी.'

मालकांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"आधी फोन लावा," मी म्हणाले. "तिला सांगा, वर्ग सोडू नका. तुमचे डोळे चांगले आहेत."