बल्बाखालचा कलांचो

बाळाबाईंनी ब्लेडनं जाड पानांच्या कलांचोची फांदी कापली आणि ती मातीत न खोचता वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. कापलेल्या टोकाला पाणी सुटलं होतं. ते सुकून जखमेवर पापुद्रा धरेपर्यंत दोन-तीन दिवस तिला हात लावायचा नव्हता.

घरमालकीण सुमित्राबाई जिन्याच्या खालच्या पायरीवरून हे बघत होत्या. कोपरखैरणे गावातलं हे घर त्यांचं. वरच्या मजल्यावर बाळाबाईंचं भाड्याचं बिऱ्हाड.

"मीच शिकवला तुला ह्यो," त्या म्हणाल्या. "पयले ओल्याच फांद्या लावल्यास नि सगल्या कुजवल्यास."

"सगळ्या न्हाईत. येक वाचली व्हती."

"तिचीच फांदी मी माजे दारान लावली. कवरी फुलते बघ दरसाल! नि तुजी बसलीय आपली हिरवी."

बाळाबाईंनी ब्लेड पुसून कागदात गुंडाळलं आणि कठड्यावरच्या मोठ्या कुंडीकडे नुसतं पाहिलं.

ती वाचलेली फांदी त्यांच्या मुलाच्या, धनाजीच्या झाडाची होती. जासईच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत त्याला काम लागलं, त्या दिवशी त्यानं लाल फुलांचा कलांचो घरी आणला. नेमकं त्याच दिवशी त्याचे वडील हौसेराव बाजारातून एक बातमी घेऊन आले होते. माथाडीच्या कामात त्यांची कंबर गेली होती आणि टोळीतली बापाची जागा पोराला मिळणार होती. त्या जागेसाठी लोक हातापाया पडतात. धनाजी म्हणाला, मला झाडांचंच काम करायचंय. हौसेरावांनी ती कुंडी उचलून जिन्यावरून भिरकावली. पाला विकून पोट भर, माझ्या दारात पाय ठेवू नकोस, म्हणाले. खापरं ओलांडून जाताना धनाजी वळला आणि म्हणाला, आप्पा बोलावतील तेव्हाच येईन.

दोघं एकाच हट्टाचे. एकानं बोलावलं नाही, दुसरा आला नाही. मधल्या मधे बाळाबाईंचा जीव टांगणीला लागला. मोडलेल्या फांद्या त्यांनी पदरात गोळा केल्या, आणि त्या दिवसापासून दारावरचा बल्ब दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जळत ठेवला. पोरगं अवेळी आलं तर जिना दिसायला हवा.

"मंत्र्याचा बंगला हाय का ह्यो?" हौसेराव रोज विचारायचे. बल्ब मात्र त्यांनी कधी बंद केला नाही.

यंदा बाळाबाईंनी एक गोष्ट ठरवली होती, आणि ती फक्त तेजश्रीला, त्यांच्या मुलीला, ठाऊक होती. गावाकडे अडलेल्या गोष्टीचा कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवतो. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. इथं ना तो देव, ना तो गुरव. बाळाबाईंनी कौल झाडाला लावला.

"यंदा फुललं तर बापलेक येक व्हतील," त्यांनी तेजश्रीला सांगितलं होतं. "न्हाई फुललं तर म्या पुन्हा त्याचं नाव काढायची न्हाई ह्या घरात."

आई बोललेलं करते हे तेजश्रीला माहीत होतं. ती वाशीला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं धनाजीला फोन लावला.

"दादा, आपल्या कलांचोला फुलं का येत नाहीत? खत घातलं, ऊन आहे, पाणी बेतानं घालतो."

"रात्री उजेड पडतो का त्याच्यावर?" धनाजीनं धंद्यातल्या माणसासारखं विचारलं.

"बल्ब असतो वर. दाराचा."

"रात्रभर?"

"हो."

"मग कशी येतील? त्याला मोठी, काळोखी रात्र लागते. तेव्हा कुठं कळी धरतं. रात्रभर बल्ब कशाला पण?"

पलीकडे पाण्याचा पाइप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला.

"आईला सांग," धनाजी हळू म्हणाला, "बंद करत जा म्हणावं."

तेजश्रीनं घरी येऊन सगळं सांगितलं. हौसेराव भिंतीकडे तोंड करून कंबर शेकत पडले होते. ते जागे आहेत की झोपलेत, याचा अंदाज नव्हता.

"दिवा न्हाई इझवायचा," बाळाबाई म्हणाल्या.

"नको विझवू. कुंडी तेवढी हलव. नाहीतर संध्याकाळी वर खोकं घालू, सकाळी काढू. सिंपल आहे आई."

"कौल लावल्यावर फुलाला कुणी बोट लावतं व्हय? फुंकर सुदिक मारत न्हाईत. आपण पाडलेल्या फुलाला कौल म्हणत न्हाईत, तेजे."

आईनं स्वतःच दिवा लावायचा, त्या दिव्यानंच कळी अडायची, आणि आईनं ते देवाचं उत्तर म्हणून मान खाली घालून घ्यायचं. तिला आईचा राग आला आणि रडूही आलं. ती भांडी घासायला उठली.

चार-सहा दिवसांनी ती कामावरून परतली तेव्हा कठड्यावर कुंडी नव्हती. बल्बाखाली ओल्या मातीचं गोल वळं तेवढं उरलं होतं. बाळाबाई संध्याकाळच्या पोळ्या लाटायला दोन घरी जात, त्या अजून यायच्या होत्या. तेजश्रीच्या मनात एकच आलं: आप्पांनी पुन्हा भिरकावली. ती धावत खाली गेली आणि जिन्याखाली खापरं शोधू लागली. तिथं काही नव्हतं. मग ती गच्चीवर गेली.

पाण्याच्या टाकीमागे, अंधारात, सफरचंदाचं एक खोकं पालथं घातलेलं होतं. वर वीट. तिनं वीट काढली, खोक्याचा कोपरा उचलला आणि मोबाइलचा उजेड पाडला. आत कलांचो होता.

"मोबाइल बंद कर," मागून हौसेराव म्हणाले. ते कठड्याला टेकून, एक हात कमरेवर ठेवून उभे होते. "उजेड लागंल त्याला."

"आप्पा, तुम्ही आणलीत वर?"

"हितं वारं चांगलं लागतं."

"खोक्यात?"

हौसेरावांनी वीट जागेवर ठेवली. वाकताना त्यांच्या तोंडून कण्हल्याचा आवाज निघाला. "आईला बोलू नगंस," म्हणाले, आणि भिंत धरत एकेक पायरी उतरू लागले.

रात्री बाळाबाई आल्या. रिकाम्या कठड्यापाशी त्यांनी चपला काढल्या आणि काही न विचारता त्या आत गेल्या. दमलेल्या आईच्या ध्यानात आलं नसावं, असं तेजश्रीनं स्वतःला समजावलं. सकाळी ऊन आलं तेव्हा कुंडी जागेवर होती. संध्याकाळी पुन्हा नव्हती.

असेच दिवस गेले. तेजश्रीला त्या काळात धड झोप नव्हती. झाड फुललं नाही तर आई दादाचं नाव टाकणार. फुललं तर आई ज्याला देवाचा शब्द समजणार, तो आप्पांनी खोक्यात घडवलेला असणार, आणि आप्पा तर अजूनही त्याचं नाव घ्यायला तयार नव्हते. मग त्या फुलांना अर्थ काय? कुणाला विचारायची सोय नव्हती. ती सकाळी कामाला जाताना शेंड्यांकडे बघायचंही टाळू लागली.

माघात एका सकाळी सुमित्राबाईंचीच हाक आली. "बाळाबाय, बघलस का? तुजे झाराला कल्या आल्यान!"

शेंड्या-शेंड्यांवर हिरव्या कळ्यांचे घोस होते. एकीला लाल टोक फुटलं होतं. बाळाबाईंनी हात जोडले नाहीत, की कुंकू वाहिलं नाही. कळ्यांवरून एकदा बोट फिरवून त्या आत पीठ मळायला गेल्या. आईला आनंद कसा होत नाही, ह्या विचारानं तेजश्री दिवसभर बेचैन होती.

त्या दिवशी बाळाबाई पोळ्यांना गेल्या नाहीत. तेजश्री आली तेव्हा त्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. दिवस नुकताच मावळला होता, आणि बल्ब लावलेला नव्हता.

"धनाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आप्पांनी बोलावलंय."

"आप्पांनी कुठं बोलावलंय?" तेजश्री गडबडली. "आई, ऐक. त्या कळ्या... तो कौल नाही. मला तुला सांगायचं होतं—"

"काय सांगतीस? मला डोळं न्हाईत व्हय?" बाळाबाईंचा आवाज कापला. "साधी पाण्याची कळशी उचलत न्हाई ह्यो माणूस. अन् रोज ती कुंडी घिऊन गच्ची चढतोय. देवाला काय इचारायचं राहिलं आता? लाव फोन."

तेजश्रीनं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजू लागली. तेवढ्यात आतून हौसेराव रोजच्या वेळेला बाहेर आले, पायरीवर बसलेल्या बायकोकडे न बघता कठड्यापाशी गेले आणि कमरेला हात देत त्यांनी कुंडी उचलली.

"असू द्या तितंच," बाळाबाई म्हणाल्या. "आज वर नेऊ नगा."

कुंडी हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग तेजश्रीच्या हातातल्या फोनकडे. पडद्यावर 'दादा' लिहिलेलं होतं. अजून कुणी उचललं नव्हतं. जिना अंधारला होता.

हौसेरावांनी कुंडी सावकाश खाली ठेवली आणि दारामागे हात घालून बल्बाचं बटण दाबलं.